नभोनाट्य आणि घरांतील मौन

संध्याकाळची वेळ आहे. स्वयंपाकघरांत भाकऱ्या होत आहेत, आजोबा खुर्चींत टेकून बसले आहेत, मुलें पुस्तकें उघडून बसलीं आहेत आणि फळीवरचा रेडिओ चालूं आहे. गाणें संपतें, एक जाहिरात लागते आणि तींत 'एच. आय. व्ही.' हीं अक्षरें उच्चारलीं जातात. वडील उठतात, कांहीं न बोलतां बटण फिरवितात आणि दुसऱ्या केंद्रावरील भावगीत लावतात. कोणी कांहीं विचारीत नाहीं, कोणी कांहीं सांगत नाहीं. परंतु तेवढ्या वेळांत त्या घरांतील मुलें एक धडा शिकलेलीं असतात. ह्या विषयावर आपल्या घरीं बोलावयाचें नाहीं, हा तो धडा होय. तो इतका चांगला पाठ होतो कीं, पुढें दहा वर्षांनीं खरोखर विचारण्याची वेळ आली तरी तीं मुलें तोंड उघडीत नाहींत.

असें घर आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. कित्येकांचें तें स्वतःचेंच असेल. त्यांत आम्ही कोणास दोष देत नाहीं. बटण फिरविणारा हात प्रेमळ बापाचाच असतो. तो संकोचानें फिरतो, एवढेंच. परंतु ह्या संकोचाची किंमत कधीं कधीं फार मोठी द्यावी लागते, आणि ती बहुधा मुलांस द्यावी लागते. म्हणून ह्या विषयाचा शांतपणें विचार करावा, आणि नभोनाट्य किंवा श्रुतिका ह्या साध्या साधनाचा त्या कामीं कसा उपयोग होईल हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावें, असें आम्हांस वाटलें.

प्रथम रोगासंबंधीं थोडें सांगितलें पाहिजे. ह्या विषाणूची लागण भारतांत पहिल्यानें उघडकीस आली ती १९८६ सालीं, चेन्नई येथें. पुढील वर्षांत ज्या राज्यांत तिचा फैलाव अधिक झाला त्यांत आपला महाराष्ट्र होता. हा विषाणु शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीवरच घाला घालतो. उपचार न केल्यास ती शक्ति वर्षानुवर्षें क्षीण होत जाते आणि अखेर क्षयासारखे रोग त्या दुबळ्या देहांत शिरतात. ह्या शेवटच्या अवस्थेस एड्स म्हणतात. लागण होण्याचे मार्ग मोजके आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, लागण झालेलें रक्त, दुसऱ्यानें वापरलेली दूषित सुई, आणि मातेकडून गर्भावस्थेंत, प्रसूतीच्या वेळीं किंवा अंगावरील दुधांतून बालकाकडे. हात हातांत घेतल्यानें, एका ताटांत जेवल्यानें, एका बाकावर बसल्यानें, खोकल्यानें किंवा डांस चावल्यानें ही लागण होत नाहीं.

ती टाळण्याचे उपायही तितकेच सरळ आहेत. विवाहापूर्वीं संयम, विवाहानंतर परस्परनिष्ठा, जेथें धोका संभवतो तेथें निरोधाचा उपयोग, तपासलेलें रक्त, नवी सुई, आणि शंका येतांच रक्ताची तपासणी. रोग समूळ नाहींसा करणारें औषध सर्वांच्या हातीं अद्याप आलेलें नाहीं; परंतु त्यास आंवरून धरणारीं औषधें आहेत, आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारनें तीं विनामूल्य देण्यास आरंभ केला. तीं नियमानें घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारपणही पाहतो. औषधांनीं ज्याच्या रक्तांतील विषाणु मोजमापांत येणार नाहींत इतके कमी झाले व तसेच कमी राहिले, त्याच्याकडून शरीरसंबंधानें दुसऱ्यास लागण होत नाहीं. मातेनें वेळेवर औषध घेतलें तर होणारें मूलही बहुधा सुरक्षित राहतें.

एवढी माहिती एका पोस्टकार्डावर मावेल. ती छापून गांवोगांव लावलेलीही आहे. मग ती मनापर्यंत पोहोंचत कां नाहीं? आमच्या मतें उणीव माहितीची नसून बोलण्याची आहे. भिंतीवरचें पत्रक वाचलेल्या मुलास जी शंका येते ती भिंतीस विचारतां येत नाहीं. ज्यास ती विचारावयाची तो वडील माणूस बटण फिरवून मोकळा झालेला असतो.

महाराष्ट्रांत हें मौन नवें नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' नांवाचें मासिक काढलें आणि संततिनियमन व गुप्तरोग ह्यांविषयीं मराठींत उघड लिहिण्यास सुरुवात केली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें होतें. कर्व्यांनीं १९५३ सालीं, मृत्यु येईपर्यंत, तें मासिक एकाकीपणें चालविलें. त्यानंतर अर्धें शतक लोटलें, आणि २००७ सालीं, शाळांतून किशोरवयीन मुलांना ह्या विषयाचें शिक्षण देण्याची योजना आली असतां, महाराष्ट्रांत तिला इतका विरोध झाला कीं ती थांबवावी लागली. कर्व्यांचीं सर्वच मतें सर्वांस पटावींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या समाजांत एवढ्या काळानंतरही हा प्रश्न वर्गांत नीट उच्चारतां येत नाहीं, त्यास बोलण्याची कांहीं तरी निराळी रीति शोधावी लागेल, हें उघड आहे.

विरोध करणाऱ्या पालकांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. कोवळ्या वयांत हा विषय काढला तर नको ती उत्सुकता जागी होईल, अशी त्यांस भीति वाटते. ही भीति मुलांवरील मायेंतून उपजलेली आहे. परंतु आम्ही त्यांस विनयानें एकच विचारतों. आजच्या मुलाच्या हातीं मोबाइल आहे. त्यावर तो काय पाहतो हें आपणांस ठाऊक आहे काय? मूल ह्या विषयावर कांहीं ऐकणार कीं नाहीं हा प्रश्न आतां आपल्या हातीं राहिलेला नाहीं. तें कोणाच्या तोंडून ऐकणार, एवढेंच ठरविणें आपल्या हातीं आहे. तालमीच्या कट्ट्यावर अर्धवट ऐकलेल्या गोष्टींपेक्षां आईबापांच्या समक्ष ऐकलेली स्वच्छ गोष्ट शतपटीनें बरी.

आतां नभोनाट्याकडे वळूं. उपदेश ऐकतांना ऐकणाऱ्याचें मन सावध होतें. 'हें मला उद्देशून आहे' असें वाटतांच तो दार लावून घेतो. नाटक ऐकतांना तें दार उघडें राहतें. कारण तेथें बोलणें दुसऱ्या कोणाविषयीं चाललेलें असतें. 'तूं असें वागतोस काय?' असें बाप मुलास विचारूं शकत नाहीं. पण 'त्या पोरानें असें वागावयास नको होतें, नाहीं?' असें सहज विचारूं शकतो. मुलगाही 'माझी अशी शंका आहे' असें म्हणणार नाहीं. पण 'त्यानें डॉक्टरांस कां विचारलें नाहीं?' असें नक्की म्हणेल. तिसऱ्या माणसाचें नांव मध्यें आलें कीं दोघांचाही संकोच निम्मा होतो. आमच्या मतें सर्व नाट्यकलेचा शिक्षणाच्या दृष्टीनें हाच मोठा उपकार आहे.

त्यांतही नभोनाट्याची एक खुबी निराळी आहे. तेथें पात्र दिसत नाहीं. जें दिसत नाहीं त्याला ऐकणारा आपल्या ओळखीचा चेहरा देतो. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' ज्यांनीं ऐकला आहे त्यांना टेकाडे भाऊजी, मीनावहिनी आणि पंत हीं माणसें आपल्याच आळींत राहतात असें वाटे. घरखर्च, पाहुणे, मुलांचे अभ्यास असल्या साध्या गोष्टींवर त्यांची बोलाचाली चाले. आणि ती ऐकतां ऐकतां घरांतील माणसें 'आपल्याकडे असेंच होतें' म्हणून हंसत. दुसरें असें कीं, ज्या गोष्टी रंगमंचावर दाखविणें अशिष्ट ठरेल त्या नभोनाट्यांत दाखवाव्याच लागत नाहींत. दार लोटल्याचा आवाज, रात्रींची गाडीची शिटी, हुंदका आंवरून बोललेला एक शब्द, एवढ्यानें काम भागतें. म्हणजे ज्या विषयांत मर्यादा राखावयाची त्याच विषयास हें साधन अधिक योग्य आहे. ज्या नगरींत राजर्षि शाहू महाराजांच्या प्रेरणेनें १९१५ सालीं भव्य नाट्यगृह उभें राहिलें, तेथील लोकांस नाटकाची शक्ति समजावून सांगावयास नको.

ह्या साधनानें खरोखर वर्तन सुधारतें काय, हा प्रश्न कोणी विचारील तर तो योग्यच आहे. त्याचें एक उत्तर आफ्रिकेंतील टांझानिया देशानें दिलें आहे. तेथील नभोवाणीवर १९९३ च्या जुलै महिन्यापासून 'ट्वेंडे ना वकाती', म्हणजे 'चला, काळाबरोबर चालूं', ह्या नांवाची स्वाहिली भाषेंतील नाट्यमालिका आठवड्यांतून दोनदां ऐकविली जाऊं लागली. तिच्यांतील म्क्वाजू हा मालमोटार हांकणारा. मार्गावरील गांवोगांवीं त्याच्या मैत्रिणी आणि घरीं टुनू नांवाची सोशीक पत्नी. ऐकणाऱ्यांच्या देखत म्हणावें तसा तो हळूहळू रोगाच्या तोंडीं जातो, आणि टुनू स्वतःच्या पायांवर उभी राहण्यास शिकते. अभ्यासकांनीं एक युक्ति केली होती. डोडोमा ह्या भागांत ही मालिका पहिलीं दोन वर्षें ऐकवावयाची नाहीं असें ठरलें होतें. दोन्हीकडील लोकांस प्रश्न विचारले तेव्हां असें दिसलें कीं, जेथें मालिका ऐकली गेली तेथें अनेकांशीं संबंध ठेवण्याचें प्रमाण घटलें आणि निरोधाचा वापर वाढला. पुढें १९९५ पासून डोडोमांतही ती ऐकविली गेली, आणि तेथेंही तसाच फरक दिसूं लागला. आम्हांस ह्यांत सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. मालिका ऐकणारे लोक ह्या रोगाविषयीं आपल्या पतीशीं, पत्नीशीं, मित्रांशीं बोलूं लागले होते. आधीं बोलणें सुरूं झालें, मग वागणें सुधारलें.

म्क्वाजूची गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे असें कोणीं समजूं नये. पुणें-बंगळूर महामार्ग आपल्या उंबरठ्यावरून जातो. कोल्हापूरची साखर आणि गूळ मालमोटारींतूनच परमुलखीं जातात. परंतु मालमोटारीचा चालक तेवढाच धोक्यांत, असाही ग्रह कोणीं करून घेऊं नये. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आलेला परप्रांतीय कामगार, ऊंसतोडीस आलेलें बिऱ्हाड, भुदरगड किंवा आजऱ्याहून मुंबईस नोकरीला गेलेला तरुण, आणि वसतिगृहांत राहावयास गेलेला आपलाच विद्यार्थी, हे सर्व घरापासून दूर असतात. आणि घरापासून दूर गेलेल्या माणसाजवळ घरांतून बरोबर नेलेलें शहाणपण तेवढें असतें. तें शिदोरीसारखें आधींच बांधून द्यावें लागतें.

येथें मात्र एक इशारा दिला पाहिजे. नभोनाट्य लावून दिलें म्हणजे काम झालें, असें नव्हे. ह्याचा पुरावा तर आपल्याच जिल्ह्यांतून गेलेला आहे, आणि तो थोड्यांसच ठाऊक आहे. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीनें पुणें केंद्रावरून एक प्रयोग केला. तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशें गांवांत श्रोतृमंडळें स्थापन झालीं. शेती, आरोग्य, गांवचा कारभार अशा विषयांवर अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम ठरले. मंडळाचे सभासद ठरल्या वेळीं रेडिओभोंवतीं जमत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपल्यावर न उठतां त्यावर चर्चा करीत. मग आपण काय करावयाचें तें ठरवीत. ह्या प्रयोगाची परीक्षा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविली होती आणि पॉल न्यूरथ ह्या विद्वानानें ती पाहिली. त्यांनीं जीं गांवें निवडलीं त्यांत कांहीं मंडळें असलेलीं, कांहीं रेडिओ असून मंडळ नसलेलीं, आणि कांहीं रेडिओच नसलेलीं होतीं. प्रयोगाच्या आधीं व नंतर लोकांस तेच प्रश्न विचारले. मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलें होतें; नुसता रेडिओ असलेलीं गांवें त्यांच्या फार मागें राहिलीं.

हा निष्कर्ष आम्ही विद्यार्थ्यांस व पालकांस पुन्हां पुन्हां वाचावयास सांगूं. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक घडला तो रेडिओ संपल्यानंतरच्या अर्ध्या तासांत.

असाच अनुभव पुढें हिंदी भाषकांसही आला. १९९६-९७ सालीं आकाशवाणीनें 'तिनका तिनका सुख' ही १०४ भागांची नाट्यमालिका ऐकविली. उत्तर प्रदेशांतील लुत्सान ह्या गांवचे लोक ती ऐकत आणि तिच्यावर आपसांत बोलत. हुंड्यापायीं छळ झालेल्या त्यांतील तरुणीची कथा त्यांच्या मनाला इतकी लागली कीं, १८४ गांवकऱ्यांनीं हुंडा घेणार नाहीं व देणार नाहीं अशी प्रतिज्ञा लिहून, तिच्यावर सह्या करून, ती आकाशवाणीस पाठविली. एकट्यानें ऐकलेल्या कथेनें डोळे ओलावतात. चार जणांनीं मिळून ऐकलेल्या कथेवर सह्या होतात.

दुसरा इशारा नाटक लिहिणाऱ्यांस आहे. ह्या रोगावरील नाटकांत बहुधा एक दुराचारी, एक भयंकर मरण आणि शेवटीं एक प्रवचन असतें. अशा नाटकानें मुलें घाबरतात, पण शिकत नाहींत. आणि जें शिकतात तें विपरीत असतें. ज्यास हा रोग झाला तो पापीच असला पाहिजे आणि त्याच्या सावलीसही उभें राहूं नये, एवढेंच त्यांच्या मनावर ठसतें. ह्याचें फळ काय होतें तें २००९ सालीं लातूर जिल्ह्यांतील हासेगांव येथें दिसलें. एच. आय. व्ही. असलेलीं अनाथ मुलें गांवच्या शाळेंत येऊं लागलीं तेव्हां गांवकऱ्यांनीं आपलीं मुलें शाळेंत पाठविणें बंद केलें. त्या अनाथ बालकांचा अपराध काय होता? जन्मतःच त्यांच्या वांट्यास जें आलें तें त्यांनीं मागितलेलें नव्हतें. गांवकरीही दुष्ट नव्हते. ते भ्यालेले होते. एका बाकावर बसल्यानें रोग जडत नाहीं हें त्यांनीं कोठें तरी वाचलें असेलही. परंतु त्यावर पारावर बसून ते कधीं मोकळेपणीं बोलले नसावेत. पुढें संसदेनें २०१७ सालीं कायदा केला, आणि सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलांत आला. ह्या रोगाच्या कारणावरून कोणास शाळेंत, नोकरींत किंवा रुग्णालयांत भेदानें वागविणें आतां गुन्ह्यासारखें निषिद्ध आहे. पण कायदा शाळेचें दार उघडूं शकतो. बाकावर शेजारीं सरकून जागा द्यावयाची ती मुलांनींच.

मग चांगलें नभोनाट्य कसें असावें? मेक्सिको देशांतील मिगेल साबीदो ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत लोकशिक्षणपर नाट्यमालिकांची एक पद्धति घालून दिली. तीत तीन प्रकारचीं माणसें असतात: एक चांगलें वागणारें, एक वाईट वागणारें, आणि एक दोहोंच्या मध्यें घोटाळणारें, चुकणारें, पुन्हां सांवरणारें. श्रोत्याचें मन जडतें तें ह्या तिसऱ्यावर. कारण आपण सर्वच बहुधा त्या तिसऱ्या वर्गांतले असतों. आमच्या विद्यार्थ्यांनीं अशी एखादी श्रुतिका स्वतःच लिहावी, अशी आमची सूचना आहे. विषय दूर शोधावयास नको. मुंबईहून आजारी होऊन परत आलेला एक मामा आहे, असें कल्पा. घरांत त्याचा कप वेगळ्या फळीवर ठेवला जातो. कोणी तसें बोलत नाहीं. कप ठेवल्याचा आवाज मात्र रोज ऐकूं येतो. भाचा शाळेंत शिकतो, त्याला हा आवाज खुपतो. पण त्यालाही भीति वाटते. तो कोणास विचारील? आई काय सांगेल? मामाची तपासणी, त्याचें औषध, त्याचें हळूहळू अंग धरणें, आणि एके सकाळीं सर्वांचे कप एकाच फळीवर ठेवल्याचा आवाज, एवढ्यांत पंधरा मिनिटांची उत्तम श्रुतिका होईल. भाषा पुस्तकी नको. आपल्या घरांत बोलतों तीच कोल्हापुरी असूं द्या. 'काय करायलाईस?' असें आईच्या तोंडीं आलें कीं ऐकणारा लगेच कान देईल. त्यांतील वैद्यकीय भाग मात्र सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राच्या समुपदेशकांकडून किंवा जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. कारण नाटकांतून शिकलेली चूक पुस्तकांतील चुकीपेक्षां अधिक काळ टिकते.

श्रुतिका तयार झाली कीं ती पालकांच्या सभेंत, दिवे मंद करून, सर्वांनीं मिळून ऐकावी. नंतर उठण्याची घाई करूं नये. तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत: कोणाचें वागणें पटलें, कोणाचें पटलें नाहीं, आणि आपल्या घरीं असें झालें तर आपण काय करूं? ज्यांस तोंडानें विचारण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठीं एक पेटी ठेवावी, तींत नांव न लिहितां चिठ्ठी टाकावी, आणि उत्तर जाणत्या माणसानें सर्वांसमक्ष द्यावें. श्रुतिका सरस उतरली तर ती आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्राकडे पाठविण्यास कोणती हरकत आहे? आपल्या मुलाचा आवाज येणार म्हटल्यावर तें बटण कोणताही बाप फिरविणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां रेडिओ ऐकतो कोण? हातोहातीं मोबाइल आले, जो तो आपल्या कानांत आपलें यंत्र घालून बसतो. हें खरें आहे, आणि आमची खरी चिंता तीच आहे. १९५६ सालीं साऱ्या गांवांत एकच रेडिओ होता. म्हणून गांवास एकत्र बसावें लागे, आणि एकत्र बसलें कीं बोलणें आपोआप होई. आतां ऐकण्याचीं साधनें घरांतल्या डोक्यांइतकीं झालीं आणि ऐकणारे एकेकटे पडले. साधन सुधारलें आणि मंडळ मोडलें. तें मंडळ पुन्हां जमविण्यास मोठा खर्च लागत नाहीं. आठवड्यांतून एकदां, जेवणानंतर, एकाच मोबाइलचा आवाज मोठा करून घरांतल्या सर्वांनीं मिळून एखादी श्रुतिका ऐकावी आणि मग थोडा वेळ तसेंच बसावें. आरंभ ह्याच विषयानें करावा असेंही नाहीं. व्यसनावर, स्वच्छतेवर, रस्त्यावरील अपघातावर ऐका. बोलण्याची संवय एकदां लागली कीं अवघड विषयही एके दिवशीं सोपा होईल.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस आमचें सांगणें थोडें आहे. शंका येणें हा गुन्हा नव्हे. ती मनांत कुजविणें हें घातक आहे. घरीं विचारा. घरीं धीर होत नसेल तर शिक्षकांस विचारा. तेंही जमत नसेल तर १०९७ ह्या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य माहिती मिळते. तेथें नांव सांगावें लागत नाहीं. आणि वर्गांतील कोणी मुलगा किंवा मुलगी ह्या रोगाशीं झगडत आहे असें कधीं कानीं आलें, तर त्याची वाच्यता करूं नका आणि आपला डबा त्याच्यापासून दूर सरकवूं नका.

पालकहो, तुम्हांसही एक विनंति आहे. मुलाचें वय १८ पूर्ण होण्यापूर्वीं त्याची ही तपासणी करावयाची म्हटलें तरी आईबापांची किंवा पालकाची संमति लागते. म्हणजे कायद्यानेंही त्याला तुमच्याकडेच पाठविलें आहे. तो आला आणि तुमचें दार बंद असलें, तर त्यानें जावें कोठें? तुम्ही डॉक्टर असण्याची गरज नाहीं. 'मला ठाऊक नाहीं, पण आपण दोघे मिळून विचारूं' एवढें म्हणतां आलें तरी पुष्कळ झालें.

पुन्हां एकदां त्या संध्याकाळच्या घराकडे पाहूं. भाकऱ्या होत आहेत, आजोबा बसले आहेत, मुलांचीं पुस्तकें उघडीं आहेत. रेडिओवर तींच अक्षरें येतात. वडील उठतात, त्यांचा हात बटणापर्यंत जातो, थांबतो, आणि आवाज थोडा मोठा करून ते परत जागेवर येऊन बसतात. कार्यक्रम संपल्यावर ते चुलीकडे पाहत, कोणाला उद्देशून नव्हे असें, म्हणतात, 'काय वाटलं रे तुम्हांला?' ह्या चार शब्दांपासून पुढें जें कांहीं सुरूं होईल त्यावर आमचा भरंवसा आहे.